राखणदाराचं दार

सोमवार
आले बाई एकदाची लेकीच्या घरी. वर बिऱ्हाड, खाली जावयांचा फोटो स्टुडिओ. नात टिकली गळ्यातच पडली. ही वही तिनंच दिली. म्हणाली, आजी, तू माझे कान खातेस, थोडं हिचेही खा. लेक गेल्या वर्षी जिन्यावरून पडून गेली. पाय घसरला, म्हणतात जावई. कुंपणावरून चालणारी पोर ती. पण मी हसून ऐकते. मला इथे राहायचंय.

मंगळवार
कॉम्प्युटरवाला आलाय. जिन्याखालच्या खोलीत मोठं मशीन आहे, लिनक्सचं म्हणे. फोटो सगळे त्यात, बाकीची मशीनं तिथून उचलतात. मध्ये न दिसणारी भिंत, फायरवॉल. चहा दिला तसा तो बोलता झाला. मशीनच्या पोटात नोकर असतात, म्हणजे आपापलं काम करणारे प्रोग्राम. वीज जाऊन आली की ते हाताला लागेल त्या दारात बसतात. भिंतीला दार सापडत नाही, काम अडतं. दाराला तो पोर्ट म्हणतो. आता प्रत्येकाला कायमचा नंबर द्यायचा, भिंतीत तेवढीच दारं उघडायची. मीही शाळेत रोज नव्या बाकावर बसायची, म्हणून तर मास्तरांनी घरी धाडलं.

बुधवार
एक नोकर फायलींना कुलूप लावतो. दुसरा राखणदार. कुठलं मशीन मेलं, कुठलं परत उठलं, ते बघतो. उठलेल्यानं आपलं कुलूप आधी मागून घ्यायचं, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. जिन्यावरच्या कॅमेऱ्याची गेल्या वर्षीची एक फाईल उघडत नाही, पुसली जात नाही. लेक ज्यावर काम करायची, त्या मशीनचं कुलूप आहे तिच्यावर. राखणदाराला दार नको, असं जावयांनी बजावलं. मी कॉम्प्युटरवाल्याला दुसरा चहा दिला. म्हटलं, त्या बिचाऱ्यालाच का उभं ठेवतोस रे. हसला. देऊन गेला दार.

गुरुवार
लेकीचं मशीन माळ्यावर पडलंय, वायर कापलेली. मी हात लावून बघितली. तरी खाली पडद्यावर आलं, ते मशीन परत उठलं. कुलूप निघालं. सगळ्या पडद्यांवर जिना. माझी लेक. तिच्या पाठीवर हात, हाताला अंगठी. मीच दिली होती जावयाला. तो वायरी उपटायला जिन्याखाली धावला. खोलीचं दार आपसूक लागलं. किल्ली फिरवून मी कमरेला खोचली. टिकली शाळेत होती. मी चहा टाकला, निवांत प्यायले.

शुक्रवार
टिकलीला सांगितलं, बाबा बाहेरगावी. तो आतून सासूबाई, सासूबाई करत होता. किल्ली माझ्या कमरेला. नाही उघडलं. मग नखं ओरखडली. मग काही नाही. लेकीला म्हटलं, झालं ना मनासारखं, आता जा.

शनिवार
गेली नाही. तिचा कप टेबलावर— ओला. तिची चप्पल दाराशी. जे जे तिचं, एकेक मागून घेतेय. कॉम्प्युटरवाला फोन उचलत नाही. राखणदाराचं ते दार बंद कसं करतात— मला कुठे येतं—

रविवार
टिकली जिन्यावर. आई बोलावतेय म्हणते. मी एक हात धरलाय, एका हातानं लिहितेय. तिचा दुसरा हात ताणलेला— तिकडे कोणी दिसत नाही— आधी तिनं मागायचं, बाकीच्यांनी थांबायचं— अगं, दार मीच दिलं तुला, निदान हिला तरी— बोटं सुट