पिठाने भरलेले हात

मी, दिनकर रघुनाथ केळुस्कर, वय वर्षे चौऱ्याऐंशी, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार ओकव्हिल, ऑन्टॅरिओ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, असा डॉक्टरीणबाईंचा दाखला आहे. शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही. आहेत. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी मुलगी ऊर्मी हिने करावी.

१. माझी पत्नी उमा गेल्या फेब्रुवारीत वारली. कॅम्पचं (पाहा कलम पाच) तळं गोठलेलं होतं, म्हणून तिच्या अस्थी बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या वरच्या फळीवर ठेवल्या. बर्फ वितळला तोवर माझं गाडी चालवणं कायमचं बंद झालं होतं, आणि त्या तिथेच राहिल्या. मुलगा शंतनु म्हणतो, "बाबा, नाशिकला नेऊ." नेऊ नयेत. माझ्या अस्थींत मिसळून कॅम्पच्या धक्क्यावरून तळ्यात सोडाव्यात, ऊर्मीने. मुलगी चालते का, असं कोणी विचारलंच तर त्याला कलम चार वाचून दाखवावं.

२. राहतं घर व बँकेतली शिल्लक शंतनु आणि ऊर्मी यांना निम्मी-निम्मी. त्यावरून भांडू नये. भांडायला कलम पाच आहे.

३. उमाचा मराठी टाइपरायटर नात अनन्या हिला. उमा ठाण्याला एका दैनिकात वार्ताहर होती. इथे तिला कोणी दारात उभं केलं नाही, तेव्हा बेसमेंटमध्ये बसून तिने स्वतःचं चार पानी मासिक काढलं. "आजी, धिस हॅज नो डिलीट!" असं अनन्या म्हणाली तेव्हा उमा म्हणाली, "नाहीच. मी लिहिलेलं कोणाला पुसता येऊ नये." माझं सहावीचं कवितांचं पुस्तकही अनन्यालाच. मधली पानं सुटली आहेत. ती मला तोंडपाठ होती म्हणून चिकटवायची राहिली. आता कोण म्हणून दाखवणार?

४. भिंतीवरचा चौकटीतला फोटो श्री. बाळ दांडेकर यांना, त्यांच्या दिवाणखान्यात लावण्यासाठी. लावणार नाहीत, हे ठाऊक आहे. आमच्या मराठी मंडळाच्या घटनेत पूर्वी एका घराला एकच मत होतं, कुटुंबप्रमुखाचं. सभेला पुरुष हॉलमध्ये ठराव करायचे, बायका शेजारच्या किचनमध्ये पुऱ्या लाटायच्या. एका वर्षी "अनुकूल कोण?" असं विचारताच वाढायच्या खिडकीतून पिठाने भरलेले हात वर आले. उमाचा एक हात वर, दुसऱ्यात कॅमेरा.

सचिव दांडेकर म्हणाले, "वहिनी, तेल जळतंय."

"जळू दे. आधी हात मोजा, भावजी."

त्यांनी मोजले नाहीत. उमाने तो फोटो पहिल्या पानावर छापला. खाली एवढंच: ‘हे हात मोजले गेले नाहीत.’ पुढच्या सभेलाही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. हात मोजले जात नव्हते तरी दर वेळी वर होत होते. मग घटना बदलली.

५. बॅनक्रॉफ्टच्या पुढे तळ्याकाठी असलेली जमीन. इथे उमाने मराठी मुलांचा समर कॅम्प चालवला. डायरेक्टर ती, जमीन तिने शोधलेली, कागद मात्र माझ्या नावावर. तेव्हा वकिलाने "नाव?" विचारलं आणि माझं सांगणारी उमाच होती! घरी येताना गाडीत तिच्या ध्यानात आलं. आधी खूप हसली, मग ओकव्हिल येईपर्यंत तो कागद पुन्हापुन्हा वाचत राहिली.

कॅम्पात दर शनिवारी मतदान. सहा वर्षांच्या पोराला एक मत, डायरेक्टरलाही एकच. वरणभात हरला, मॅकरोनी जिंकली. उमाने धुसफुसत ती रांधली. मी शेकोटीजवळ कविता म्हणायचो, पोरं ओरडायची, "काका, नो सॅड वन्स!" त्यावरही मत घेतलं. मी हरलो.

उमा गेल्यापासून कॅम्प बंद आहे. शंतनु म्हणतो, "विकू या बाबा. धक्का कुजलाय, एवढ्या लांब जाऊन बर्फ शोव्हल कोण करणार?" ऊर्मीला कॅम्प पुन्हा सुरू करायचा आहे. दांडेकर भेटायला आले ते म्हणाले, "दिनकरराव, जमीन मंडळाला द्या, तुमचं नाव मोठ्या अक्षरांत लावू."

"आणि उमाचं?"

"घालू की, खाली."

मंडळाला जमीन देऊ नये.

मी एका ओळीत निकाल लावू शकतो. कागद माझ्या नावावर आहे. पण एकट्या कुटुंबप्रमुखाने ठरवलं, तर उमाने आयुष्यभर केलं काय? म्हणून जमीन ऊर्मीकडे विश्वस्त म्हणून राहावी. मी गेल्यानंतरच्या पहिल्या जुलैत कॅम्पच्या स्वयंपाकघरात मतदान घ्यावं: ठेवायची की विकायची. कॅम्पला आलेलं जे कोणी मूल, आता कितीही मोठं झालेलं, तिथे येईल, त्याला एक मत. शंतनुला एक, ऊर्मीला एक. बहुमताप्रमाणे व्हावं. कोणी आलंच नाही तर विकावी, आणि मला ते कळणार नाही, एवढाच दिलासा.

माझं मत आत्ताच देऊन ठेवू का, असं मी वकीलबाई ॲलिसन यांना विचारलं. त्या हळूच म्हणाल्या, "मिस्टर केळुस्कर, द डेड डोन्ट गेट अ व्होट."

खरं आहे. तरी माझं मत: कॅम्प राहावा. ते मोजू नये. पण हात वर होता, एवढं सभेच्या वृत्तान्तात लिहावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) दि. र. केळुस्कर
ओकव्हिल, ९ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
(सही) व्हिन्सेंट डिमेलो, शेजारी
(सही) रोझलिन डिमेलो, शेजारीण. त्या खिडकीतला डावीकडून दुसरा हात माझा