न बोलता हसवायचं

कल्याण, ४ मार्च २०२४

ती. दौलतदादास,
मालनचा सा. न. वि. वि.

परवा फोन केलास तो ह्यांनी स्पीकरवर लावलेला. सगळं ऐकलं, उत्तर देता येईना. मोबाइलवरचं बारीक अक्षर तुला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून दोन महिने झाले. आता श्वास गळ्याच्या भोकातूनच. वरून सुती रुमाल बांधते. काल पहिल्यांदा स्टुडिओत गेलेले. पंचवीस वर्षं ह्यांनी कॅमेरा सांभाळला आणि मी पोरं. मांजर, कावळा, कुकरची शिट्टी काढली की रडकं पोरही वर बघायचं, तेवढ्यात हे फोटो घ्यायचे. काल विठ्ठलवाडीहून एक बाई वर्षाच्या मुलीला घेऊन आली. मी पुढे झाले, तर माझ्या श्वासाची घरघर ऐकून पोरगी किंचाळायलाच लागली. आई म्हणाली, दुसरं कोणी असेल तेव्हा येऊ. घरी आल्यावर ह्यांनी हळूच सांगितलं, थोडे दिवस आराम कर.

माझ्या ऑपरेशनपासून हे पोरांपुढे मोबाइलवर कार्टून लावतात. पोरं बघतात, पण हसत नाहीत.

वहिनींना नमस्कार. तुझी माया असू दे.
मालन

कळवा, ९ मार्च

चि. मालनास अ. उ. आ.

लहानपणी तू गप्प बसावंस म्हणून मी चिंचा द्यायचो. चिंच संपायची, बडबड चालूच.

एक गोष्ट लिहितो, तोंडावर सांगायचं धाडस नाही. गणपतीत तुझा आवाज बसलेला, तू डॉक्टरकडे निघालेलीस. मीच अडवलं. म्हटलं, पोरांसमोर ओरडून घसा बसलाय, ज्येष्ठमध चघळ, गुळण्या कर. त्यात तीन महिने गेले. लवकर आला असतात तर आवाज वाचला असता, असं डॉक्टर तुझ्या साईनाथरावांना म्हणाले. तुला हे ठाऊक आहे की नाही, कोण जाणे.

स्टुडिओ सोड, इथे येऊन राहा. राग धरलास तरी चालेल, पण लोभ तोडू नकोस.
दौलत

कल्याण, २० मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

डॉक्टर ते मलाही म्हणालेले. खोटं कशाला लिहू, चार दिवस तुझा फार राग आला. पण खरं सांगू? मलाच डॉक्टरची भीती वाटत होती. तू म्हणालास ते मला हवंच होतं.

शनिवारी मी हट्टाने स्टुडिओत गेले. सुमेधा नावाची बाई अडीच वर्षांच्या अद्वयला घेऊन आलेली, नर्सरीच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. कार्टून लावलं तरी तो रडतच होता. मी कोपऱ्यात जमिनीवर बसले, टॉवेल डोक्यावर घेतला आणि घसरू दिला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा त्यानेच येऊन ओढला आणि खदखदून हसला. ह्यांनी फोटो घेतला.

मग त्याला गळ्याचा रुमाल दिसला. बाऊ झाला का, त्याने विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. तो वाकला आणि गाल फुगवून त्यावर फुंकर घातली. सुमेधाने धावत येऊन त्याला मागे खेचलं, तोंड पुसलं, हातांना सॅनिटायझर चोळलं. त्याला कळेना आपलं काय चुकलं.

ती गेल्यावर हे पाठमोरे बसून कॉम्प्युटरवर फोटो बघत होते. किती छान हसलाय, मालन, तुझ्याशिवाय जमलंच नसतं, असं खुशीत बोलत होते. मी मागे रडत होते. माझ्या रडण्याला आता आवाज नाही, दादा. ते वळेपर्यंत त्यांना कळलंच नाही.

सोमवारी गेले तर त्यांनी टेबल फिरवून ठेवलेलं. आता काम करताना त्यांचं तोंड माझ्याकडे असतं.

कळव्याला राहायला येणार नाही. रविवारी तूच ये. तू बोल, मी ऐकेन.

तुझ्या लोभातली,
मालन