सलग सामन्यांचा विक्रम

सेंट लुईस, गुरुवार

प्रिय आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा खसखशीचा रोल पोचला, संघातल्या पोरांनी बसल्या बैठकीला संपवला. बाबांचा खोकला कमी आहे का?

रविवारी मैदानात उतरलो की बेसबॉलचे सलग सामने खेळण्याचा विक्रम माझा होईल. एक सामना जरी बाहेर बसलो, तरी सात वर्षं पाण्यात. संघात कुणी विक्रमाचं नाव काढत नाही, दृष्ट लागते म्हणतात. त्या धाकाने माझ्याकडे कुणी नीट बघतही नाही, ते एक बरंय. फक्त खोलीतला सोबती विन्स आज दार लावून म्हणाला, "पाय पुढे कर, बुटाची नाडी मी बांधतो. आणि मी काही बघितलेलं नाही."

बाबांना वरच्या दोन ओळी वाचून दाखव, पत्र हातात देऊ नकोस. शाळेत सिस्टर छडी मारायच्या, म्हणून मी स्वयंपाकघरात तुझ्यासमोर चोरून डाव्या हाताने लिहायचो. हे तेच अक्षर आहे.

उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. रविवारी मी खेळणार आहे. बाबांना रेडिओ लावून दे, तू मात्र ऐकू नकोस.

तुझा,
ओंद्रेय