गवताच्या पातीची शिट्टी

अप्पांना गौरजाचा अरुणाचलातून साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही चांगलं आहे. आईला एवढंच वाचून दाखवा.

परवा ऑर्किड शोधताना आमच्या चमूतली कणकवलीची चारुता ओढ्यात घसरली आणि तिचा पाय मुरगळला. बाकीचे वर पुढे गेले होते आणि मोबाइलला रेंज नव्हती. पाण्याच्या आवाजात आमच्या हाका विरून गेल्या. पोकळ बांबूत फुंकून पाहिलं. आवाज छान घुमला, पण पाण्याच्या खळखळाटात तिथेच बुडाला. मग रुंद गवताची पात दोन अंगठ्यांमध्ये ताणून फुंकली. काय ती किंचाळी!

"पाखरू समजतले गो," चारुता म्हणाली.

"पाखरू मोजून तीनदाच वरडता काय?" म्हटलं, आणि तीन-तीनदा फुंकत राहिले. ओठ सुजले, पण शेवटी वरून तीन शिट्ट्यांचं उत्तर आलं. चारुता रडली. मीही.

जाड आवाज बुडतो आणि बारीक कसा पोचतो, हेच डोक्यात घोळतंय. अप्पा, भर समुद्रात होडीचं इंजिन बंद पडलं तर तुम्ही काय वाजवता? इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही. फोनवर हसून टाळाल, म्हणून कागदावरच लिहा.

तुमच्या उत्तरासाठी थांबलेली,
गौरजा