बेचक्यांतली मेंदी

आंबागड, आषाढ १९८१
बुधवार, रात्र

भाताच्या रोवणीवरून आले ती पाय ओढतच. दिवसभर बांधीच्या चिखलात उभं राहून चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या पार खाल्ल्या आहेत. नुसता वारा लागला तरी झोंबतं.

मेंदीचा पाला वाटून लावला की बेचक्या सुकतात. दर रोवणीला आम्ही दोघी जावा एकाच वाटीतली लावायचो. आज जाऊबाईंनी वाटली, माझा हात वाटीकडे गेला, तर सासूबाई म्हणाल्या, "तुले नाही चालत आता, बाई. लोकं काय म्हणतीन? तू तेल लाव."

शिमग्यात हे वारले, तेव्हापासून मेंदी बंद. पण मी काय हौस म्हणून मागत होते? बेचक्यांपुरतीच तर. भांडायचंही त्राण नव्हतं. तेल लावलं. झोंबायचं ते झोंबतच राहिलं.

सासूबाई भजनाला गेल्या तशा जाऊबाई वाटी घेऊन आल्या आणि माझा पाय त्यांनी सरळ मांडीवर ओढून घेतला.

"अवो, दिसीन ना," मी म्हटलं.

"चिखलाले का मालूम, कोन सवाशीन अन् कोन नाही? बेचक्यांतच लावू. बस चुपचाप."

आत्ता पाय धुतले. ठणका उतरलाय थोडा. पण मेंदी बेचक्यांतून बोटांवर ओघळली होती, तिथंही रंगली. लालभडक.

लग्नात माझी फिकी आली होती. नवऱ्याचं प्रेम कमी पडणार म्हणून नणंदेनं यांना किती चिडवलं. हे नुसते हसले.

"चढीन रंग हळूहळू," म्हणाले होते.