सूनबाई निबर

श्रावण वद्य पंचमी, शके १८५३
आज नवा शब्द लिहिला. निबर. र जरा वाकला, पण ओळखू येतो. पडवळाला नख लावावं, रुतलं नाही की समजावं निबर. आमची सून मथुराही तशीच. हिची आई वारल्याचा निरोप आला त्या दिवशी हिने भाकऱ्या केल्या, त्याही गोल. मी खाल्ल्या, पण मनातून नाही.
माझ्या लेकाने, हरिश्चंद्राने कळवलंय, गणपतीला येतो, परतताना मथुरा नि बाबल्याला मुंबईला नेतो. बाबल्या माझा नातू. दोन दात आलेत. माझंच बोट चावतो, दुसऱ्या कुणाचं नाही.

वद्य अष्टमी
बेत ठरला. सून रडली की हरिश्चंद्र विरघळेल, दोघं इथेच राहतील. तेव्हा तिला रडवायची. म्हटलं, मुंबईची खोली म्हणजे खुराडं, पोर घामोळ्यांनी हैराण होईल. म्हणाली, विंझणा नेतेय, वारा घालीन. दुष्ट कुठली.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा
आज तिचं माहेर काढलं. म्हटलं, गुहागरकर मुलीबरोबर नारळ धाडतात, माया नाही. म्हणाली, आत्याबाई, ते नारळ तुम्हालाच गोड लागले ना. शेजारची काशी फिदीफिदी हसली. मी सुनेला निबर म्हटलं, तर वर म्हणते, बियाण्याला निबरच पडवळ ठेवतात हो. हिला कुणी विचारलं?

शुद्ध सप्तमी
हरिश्चंद्र चतुर्थीच्या आदल्या दिवशीच आलाय. आज म्हणाला, आई, तू म्हणशील तर ठेवतो हिला इथे. सासूने सुनेची मनधरणी करायची? मी म्हटलं, खुशाल ने. मुद्दामच, तिच्या कानावर पडेल असं. आता ढसाढसा रडेल.
तिने ट्रंक भरायला घेतली. रडणं उद्यावर गेलं असेल.

वद्य द्वितीया
बंदरावर गेले होते. पडावात चढताना मथुरा पाया पडली. डोळे कोरडे. बाबल्याने माझ्याकडे हात केले. मी खंबीर. खाऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरले एवढंच.
घरी आले तर काशी दारात. म्हणाली, पहाटे मथुरा आमच्या मागीलदारी येऊन पोटभर रडली. म्हणत होती, आत्याबाई एकदा राहा म्हणाल्या असत्या तर पाऊल उचललं नसतं.
मी म्हटलं, मग माझ्यापुढे रडायला काय झालं होतं तिला?
काशी म्हणाली, तुमच्यापुढे कोण रडेल, आजी?
पाळणा सोडून माळ्यावर टाकला. मग परत बांधला. माळ्यावर उंदीर फार.