एका बोजाला एक नाव

माय,

आज दवाखान्यात एका बाईचा अंगठा घ्यायचा होता. राळेगावकडच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी आता डॉक्टर म्हणून काम करते, तिथे ऑपरेशनच्या आधी संमतीच्या कागदावर सही लागते, आणि सही येत नसेल तर अंगठा. सिस्टरांनी शाईचा पॅड पुढे केला तशी ती बाई हात मागे घेत म्हणाली, "अंगठा कायले डाक्टरीनबाई? माह्या पोरीले सही येते न." पोरगी दहावी-अकरावीतली असेल. तिनं माझ्या टेबलावरचा पेन उचललासुद्धा. मी तो तिच्या हातातून काढून घेतला, जरा जोरातच. म्हटलं, "ऑपरेशन तुमचं आहे, कागद तुमचा आहे, अंगठाही तुमचाच लागेल." बाई ओशाळली. पोरगी माझ्याकडे रागानं बघत राहिली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एवढं काय झालं?" काय झालं ते सांगावं असं माणूस एकच होतं, आणि तुला जाऊन या पोळ्याला बारा वर्षं होतील. म्हणून लिहायला बसले आहे.

ती संक्रांतीची सुट्टी होती. मी यवतमाळला अकरावी सायन्सला होते, तिथल्याच लोहाऱ्यात मावशीकडे राहत होते. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, आणि त्यातून सायन्सला, म्हणून तू विहारात बायकांमध्ये बसलीस की माझ्याच गोष्टी सांगायचीस. मी घरी आले तर अर्ध्या घरात कापूस. सरकारी खरेदी केंद्र कितीतरी दिवस बंद होतं, उघडलं तेव्हा गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत गेली, आणि माल दिला तरी पैसे केव्हा हातात पडतील याचा पत्ता नाही. तेव्हा कापूस सरकारलाच विकायचा असा कायदा होता. पैनगंगा ओलांडून आंध्रात नेला तर गुन्हा. पण पलीकडचा व्यापारी रोख द्यायचा, आणि मला फिजिक्सची शिकवणी लावायची होती. बाबा म्हणाले, "गाडी नेली त पकडतेत." तू म्हणालीस, "गाडी कायले? रुखवत नेतो आपन."

ती युक्ती तुझीच. तू फुलाफुलांच्या दोन नव्या खोळी शिवल्यास, त्यांत कापूस दाबून दाबून भरलास, आणि दोन गाद्या तयार. एक तुझ्या डोक्यावर, एक माझ्या. सकाळचं ऊन आहे, नदीला गुडघाभर पाणी आहे, पाण्यातले गोटे निसरडे आहेत. तू पुढे चालली आहेस आणि मागे न बघता मला सांगते आहेस, "पाय दाबून टाक वं, इथं पुस्तक नाई वाचून राह्यलो आपन." अर्ध्या पाण्यात होतो तेव्हा मागून शिटी वाजली. काठावरच्या बाभळीखाली बसणारा शिपाई जागेवर नाही हे बघूनच आपण निघालो होतो. तो फक्त झाडामागे गेला होता.

"या इकडं! गाद्या घेऊन कुठं?"

"लगन हाये," तू पाण्यातूनच ओरडलीस.

"कोनाचं?"

"हिचं."

डोक्यावर गादी घेऊन मी तिथंच थिजले. काठावर आलो तर शिपायाजवळ आणखी दोन बायका होत्या, त्यांच्या गाठोड्यांतला कापूस आधीच पकडलेला. त्या आता मजा बघायला मोकळ्याच.

"नवरदेव कोठचा?"

"तिकडचाच. अदिलाबादकडचा."

"रुखवतात नुस्त्या गाद्याच? भांडे नाई?"

"भांडे काल बंडीनं गेले."

त्यानं गादीवर एक बुक्की मारली, मग खोळीचा कोपरा चिमटीत धरून दाबून पाहिला. "गादीत सरकी? जवाई टोचून मरन की बाई." त्या दोघी हसल्या, तो हसला, आणि तूही पदर तोंडाला लावून हसलीस. गादीत सरकी काढलेला कापूस भरतात हे काय तुला माहीत नव्हतं? पण सरकी काढली असती तर व्यापाऱ्यानं घेतला नसता, आणि शिपाई गादी दाबून बघेल हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"पोरीचं वय?"

मला सोळा पूर्ण झाली होती. "अठरा पूर्न झाले," तू लगेच म्हणालीस. लग्नाची थाप तर मारून बसली होतीस, आता कमी सांगितलं असतं तर तो बालविवाहाचं काढून बसला असता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळ्यानंच मला गप्प केलंस.

माणूस वाईट नव्हता. कागद काढत तो म्हणाला, "दोघीचे नावं कायले लिहू? घर एक, बोजा एक, एकच नाव लिहितो. कोन लावते अंगठा?" त्या दोन बायकांनी आधीच लावला होता, त्या निळा अंगठा लुगड्याला पुसत होत्या. तू पॅडकडे पाहिलंस. तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण त्याचं मूळ माझ्याजवळ होतं.

त्याच्या आधीच्या दिवाळीत तू विहारात सगळ्यांपुढे सांगितलं होतंस की आता मी अंगठा लावणार नाही, पोरगी मला सही शिकवते आहे. चुलीपुढे माझी जुनी पाटी घेऊन तू बसायचीस. तुझ्या नावात अक्षरं तीनच. दोन तुला आली. तिसरं काही केल्या येईना. त्याची गाठ तू उलटी मारायचीस आणि मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून काढायचीस, भाकर तव्यावर करपेपर्यंत. सुट्टीनंतर लगेच माझी परीक्षा होती. एका सकाळी मी पाटी तुझ्या हातातून घेतली आणि म्हटलं, "राहू दे माय. तुला नाही जमायचं." तू म्हणालीस, "बरं बाई मास्तरीन," आणि पीठ मळायला लागलीस. मी यवतमाळला निघून गेले. तिसरं अक्षर तसंच राहिलं.

तर नदीकाठी तू पॅडकडे पाहिलंस, त्या दोघींच्या निळ्या अंगठ्यांकडे पाहिलंस, आणि ताठ उभी राहून म्हणालीस, "अंगठा कायले? माह्या पोरीले सही येते." शिपायानं कागद माझ्यापुढे धरला. मी सही केली, बाबांच्या नावासकट आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहून. शिपाई म्हणाला, "अक्षर बढिया हाये." कापूस गेला, खोळीही गेल्या. आपण रिकाम्या हातानं परत निघालो आणि सगळ्या वाटेत तू त्या सहीचंच बोलत होतीस. गावात शिरल्यावर पहिल्याच घरापुढे थांबून म्हणालीस, "माल गेला त जाऊ दे. पोलिसायनं माह्या पोरीची सही घेतली."  संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, "खोळी तरी मांगून घ्याच्या होत्या वापस."

उन्हाळ्यात माझ्या नावानं कागद आला. घरातल्या कोणाच्या नावानं आलेला तो पहिलाच कागद. तुला वाटलं कॉलेजचा असेल. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे ना, त्याच्या चौकटीत तू तो खोचून ठेवलास आणि मी येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाहीस. मी उघडून वाचला तेव्हा तारीख आठ दिवसांवर होती. समन्स होतं.

तालुक्याच्या कोर्टात मला विचारलं, गुन्हा कबूल आहे? मी म्हटलं, कबूल. वय कोणी विचारलंच नाही, कागदावर होतं. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. कैद म्हणजे मागच्या बाकावर बसून राहायचं, दुसऱ्यांचे खटले ऐकत, संध्याकाळी साहेब उठेपर्यंत. तू बाहेर पायरीवर भाकर आणि ठेचा बांधून आणून बसली होतीस. दाराच्या फटीतून मला तुझा पाय तेवढा दिसत होता, नवी चप्पल घातलेला. कोर्टात जायचं म्हणून तू ती घेतली होतीस. आत येऊन भाकर देता येते का असं तू कोर्टाच्या शिपायाला तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा तो नाही म्हणाला.

परत येताना एसटीत तू भाकर सोडून माझ्या हातात दिलीस. मग म्हणालीस, "आता तुह्या नावावर काही नाई न राह्यलं?" मी म्हटलं, नाही. दोन गावं गेल्यावर म्हणालीस, "मले सांगतलं असतं त मी लावला असता अंगठा." माझ्या आठवणीत तू मला दिलेला दोष एवढाच, आणि तोही तू दोष म्हणून दिला नाहीस. गोष्ट समजून घेत असावीस तशी म्हणालीस. त्यानंतर तू पाटीला हात लावला नाहीस. पोळ्याच्या आधी तुला कावीळ झाली, पाच दिवस गावातलंच औषध चाललं, आणि आम्ही तुला यवतमाळला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या वर्षी मला मार्क मिळाले, मेडिकलचा फॉर्म भरायची वेळ आली. शेवटच्या पानावर प्रश्न होता, कोणत्याही न्यायालयानं तुम्हाला दोषी ठरवलं आहे काय? होय किंवा नाही. मी तीन दिवस तेवढी जागा कोरी ठेवली. फॉर्म घेणारे क्लार्क म्हणाले, "अहो ताई, नाही लिहा न. कापसाची केस कोन पाह्यते?" मी 'होय' लिहिलं. फॉर्मवर खोटं लिहिता येईना, माय. ते कपाळाला हात लावून म्हणाले, आता निकालाची प्रत आणा, खुलाशाचं प्रतिज्ञापत्र आणा, कमिटी बसेल, ती काय म्हणेल ते खरं.  एका खऱ्या शब्दापायी तुझी सगळी वर्षं मी घालवते आहे असं वाटलं.

वकिलांना शाळेचा दाखला दाखवला तर ते खुर्चीत सरसावून बसले. "सोळा? मंग मिटलंच की. अठराच्या आतल्या पोरीची शिक्षा शिक्षा म्हनून धरतच नाहीत." त्यांनी मजकूर टाइप करून घेतला. माझ्या आईनं पोलिसांना माझं वय खोटं सांगितलं. मी आईच्या सांगण्यावरून, कागदातला मजकूर न समजता, सही केली. बाबा बाजूला बसले होते. त्यांनी विचारलं, "तिच्याबद्दल काही लिहिलं काय?" मी म्हटलं, "वयाचं आहे." ते खाली बघत "हं" म्हणाले. वकील मला म्हणाले, "मेलेल्या मानसाले काय होते ताई? कर सही." मी केली. पूर्ण नाव.

कमिटीत तिघं होते. मधल्या मॅडमनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. "वय आईनं खोटं सांगितलं?" मी म्हटलं, हो. "आणि कागदावर काय लिहिलंय ते तुला कळलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. त्या वाईट नव्हत्या, त्यांना माझी दया आली होती. म्हणाल्या, "फार चुकीचं केलं आईनं. शिकलेली असती तर असं पोरीला पुढे केलं नसतं." मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "आता कुठे असते आई?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरेरे." आणि मला प्रवेश मिळाला.

वर नदीकाठचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. शिपायानं कागद पुढे धरला तेव्हा तू माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं होतंस, "काय लिहिलं वं त्याच्यात?" मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला होता. आरोपीचे नाव, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे जागा कोरी होती. सगळं मला समजलं होतं. मी तुला म्हटलं, "काही नाही माय, माल घेतल्याचं लिहिलंय." खरं सांगितलं असतं तर तू त्या दोघींच्या देखत पॅडवर अंगठा दाबला असतास, आणि तो निळा अंगठा मला बघावा लागला असता, ज्याला तिसरं अक्षर मी शिकवलं नव्हतं. शिवाय तू इतकी ताठ उभी होतीस. मला सही करायचीच होती.

संध्याकाळी मी वॉर्डात गेले. त्या बाईच्या अंगठ्याची शाई अजून गेली नव्हती. पोरीनं मला बघून तोंड फिरवलं. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि बाईचा अंगठा पुसत राहिले. बाई म्हणाली, "राहू द्या न डाक्टरीनबाई, जाते आपोआप."

हा कागद कुठे पाठवणार? आणि तू असतीस तरी तुला वाचता आला नसता. मलाच समोर बसून वाचून दाखवावा लागला असता, आणि मला माझी खात्री आहे, माय. त्या ओळीपाशी आले असते की मी ती पुन्हा गाळली असती.